पावसातल्या शर्यतीत ड्रायव्हरचं खरं कर्तृत्व कसं ओळखायचं

पावसात शर्यत झाली की दुसऱ्या दिवशी एकच वाद रंगतो: आजवरची सर्वोत्तम कामगिरी हीच का? कोणी सेन्नाचं डॉनिंग्टन काढतं, कोणी हॅमिल्टनचं सिल्व्हरस्टोन, आणि 2024 च्या ब्राझीलपासून व्हर्स्टॅपनचं नाव तर हमखास निघतं. फॉर्म्युला वन नुकतंच बघायला लागलेला माणूस यात गोंधळतो, कारण जो तो निकालातले आकडे पुढे करतो. इतक्या सेकंदांनी जिंकला, इतक्या नंबरवरून वर आला. आकडे खरे असतात, पण त्यात ड्रायव्हरचा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती, ते त्यातून कळत नाही.

पाऊस गाड्यांमधला फरक पुसून टाकतो असं नेहमी सांगतात. ते निम्मंच खरं आहे. ओल्या ट्रॅकवर इंजिनाची सगळी ताकद रस्त्यावर उतरवता येत नाही, वळणांचा वेग खाली येतो, म्हणून दुबळ्या गाडीतल्या चांगल्या ड्रायव्हरला संधी मिळते. पण त्याच पावसात टायर, पिटमधले (गाडी थांबवून टायर बदलायच्या जागेतले) निर्णय आणि नशीब यांचं वजनही वाढतं. म्हणून माझी पद्धत वजाबाकीची आहे. निकालातून या गोष्टी एकेक करून काढायच्या आणि उरेल ते ड्रायव्हरच्या खात्यावर जमा करायचं.

पहिली पायरी: पाऊस कोणत्या जातीचा होता ते बघा

‘ओली शर्यत’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या परीक्षा येतात. एक, सतत कोसळणारा पाऊस आणि ट्रॅकवर साचलेलं पाणी. दोन, पडतो-थांबतो असा पाऊस. तीन, पाऊस थांबून हळूहळू वाळत जाणारा ट्रॅक. पहिल्या प्रकारात गाडी रस्त्यावर टिकवणं हेच मोठं काम असतं. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात डोकं जास्त लागतं, कारण टायर कधी बदलायचे यावर शर्यत फिरते.

टायरच्या कडेचा रंग बघितला की अर्धी माहिती मिळते. निळा पट्टा म्हणजे फुल वेट, हिरवा म्हणजे इंटरमीजिएट. पिरेलीच्या म्हणण्यानुसार ताशी 300 किलोमीटर वेगात एक फुल वेट टायर सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला फेकतो, इंटरमीजिएट साधारण 30 लिटर. पाणी त्याहून जास्त असलं की टायर रस्ता सोडतो आणि पाण्यावर तरंगायला लागतो. मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. 2003 च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये इंटरलागोसच्या तिसऱ्या वळणावर ट्रॅक ओलांडून पाण्याचा ओहोळ वाहत होता, आणि खुद्द शूमाकरसकट कित्येक जण त्याच एका जागी भिंतीवर गेले.

दोन वेगळ्या प्रकारच्या शर्यतींची थेट तुलना टाळा. 2020 चं तुर्की आणि 1985 चं पोर्तुगाल (म्हणजे एस्तोरिल) या दोन्ही थोर कामगिऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या कसोट्यांवरच्या.

दुसरी पायरी: गाडी आणि टायर वजा करा

4 ऑगस्ट 1968. जर्मनीतलं जुनं न्युर्बुर्गरिंग, एक लॅप 22.8 किलोमीटरचा, पाऊस आणि वर दाट धुकं. मनगटाचं हाड मोडलेलं असल्यामुळे जॅकी स्टुअर्ट हाताला प्लास्टिकचा आधार बांधून मात्रा कंपनीच्या गाडीत बसला होता. ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, सहावा होता. पहिला लॅप संपताना तो सगळ्यांच्या पुढे होता आणि शेवटी ग्रॅहम हिलपेक्षा 4 मिनिटं 3 सेकंद आधी पोचला. हा आकडा ऐकून कोणाचेही डोळे विस्फारतील. पण त्याच्या गाडीला डनलॉपचे टायर होते आणि त्या दिवशीच्या पाण्यात ते प्रतिस्पर्ध्यांच्या टायरांपेक्षा सरस होते. म्हणजे चार मिनिटं सगळी स्टुअर्टची नाहीत. तरी धुक्यात, दुखऱ्या हाताने, 14 लॅप न चुकता मारणं हे कोणताही टायर करून देत नाही.

डॉनिंग्टनचंही असंच. 11 एप्रिल 1993 च्या युरोपियन ग्रां प्रीत सेन्नाच्या मॅक्लारेनला फोर्डचं व्ही-8 इंजिन होतं, विल्यम्सच्या रेनॉपेक्षा कमी ताकदीचं. हे सगळे सांगतात. त्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आणि अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन होतं, हे कमी लोक सांगतात. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे चाक जागच्या जागी फिरायला लागलं की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा, आणि पावसात तिच्याइतका उपयोग कशाचाच नाही. विल्यम्सकडेही ती होती, त्यामुळे सेन्नाचं श्रेय जात नाही. पण 1985 शी तुलना करताना ही गोष्ट तराजूत टाकायलाच हवी. सेन्ना स्वतः एस्तोरिलला डॉनिंग्टनच्या वर ठेवायचा, ते याच कारणाने.

तिसरी पायरी: त्याच गाडीतला दुसरा माणूस कुठे होता?

नवख्या प्रेक्षकाच्या हातातलं सर्वात धारदार हत्यार हेच. टीममेटकडे तीच गाडी, तेच टायर, तोच पाऊस.

सिल्व्हरस्टोन, 6 जुलै 2008. हॅमिल्टनने 68.6 सेकंदांनी शर्यत जिंकली. त्याच दिवशी पोलवरून, म्हणजे सर्वात पुढच्या जागेवरून, सुटलेला त्याचा टीममेट कोवालायनेन पाचवा आला, एक लॅप मागे. तुर्की 2020 मध्ये हॅमिल्टन पहिला, बोटास त्याच मर्सिडीजमध्ये पुन्हा पुन्हा गरगरत चौदावा. ब्राझील 2024 मध्ये व्हर्स्टॅपन पहिला, पेरेझ अकरावा. एस्तोरिल 1985 मध्ये सेन्ना पहिला आणि एलिओ दे अँजेलिस चौथा, तोही एक लॅप मागे. दे अँजेलिस सामान्य ड्रायव्हर नव्हता, म्हणून या शेवटच्या तुलनेला मी जास्त वजन देतो. टीममेटची एरवीची पातळी बघितल्याशिवाय ही पायरी पुरी होत नाही.

कधी कधी तुलनेला माणूसच उरत नाही. बार्सिलोना 1996 मध्ये शूमाकरचा टीममेट अर्व्हाइन पहिल्याच लॅपमध्ये घसरून बाहेर गेला होता. मग त्या गाडीचा कोरड्या शर्यतींतला त्या वर्षीचा हिशोब काढायचा. ती फेरारी विल्यम्सच्या जवळपासही नव्हती आणि वर्षभरातले तिचे तिन्ही विजय शूमाकरचेच.

चौथी पायरी: अंतर मोजा, पण टक्क्यांत

किती सेकंदांनी जिंकला हा आकडा फसवा आहे, कारण शर्यती कमी-जास्त वेळ चालतात. त्यापेक्षा दुसऱ्या नंबरशी असलेलं अंतर विजेत्याच्या एकूण वेळेच्या किती टक्के होतं ते काढा. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर होण्यासारखं काम आहे.

न्युर्बुर्गरिंग 1968: 2 तास 19 मिनिटांत 243 सेकंद, म्हणजे 2.9 टक्के. डॉनिंग्टन 1993: सुमारे 1.25 टक्के. सिल्व्हरस्टोन 2008: 1.15 टक्के. एस्तोरिल 1985: 0.87 टक्के. बार्सिलोना 1996: 0.63 टक्के.

आता या यादीलाच क्रमवारी समजू नका. बार्सिलोनात शूमाकर इतरांपेक्षा लॅपमागे कित्येक सेकंद वेगाने जात होता. पुढे आघाडी पुरेशी झाली, इंजिनही नीट चालेनासं झालं, आणि त्याने गाडी सांभाळत शेवटापर्यंत नेली. 45 सेकंदांचा तो आकडा त्याची कमाल दाखवत नाही. म्हणून अंतराबरोबर मधल्या लॅपचे वेळही बघायचे.

सेफ्टी कार (धोक्याच्या वेळी सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवणारी गाडी) आली असेल तर आधीचं सगळं अंतर पुसलं जातं, त्यामुळे शेवटच्या रीस्टार्टपासून मोजायचं. 3 नोव्हेंबर 2024 ला व्हर्स्टॅपन 19.5 सेकंदांनी जिंकला. डॉनिंग्टनच्या 83 सेकंदांपुढे हे किरकोळ वाटतं. पण ही आघाडी त्याने शेवटच्या पंचवीसेक लॅपमध्ये, मोकळा रस्ता मिळाल्यावर उभी केली. उलट बाजूही बघा: त्याच्या मागे दोन अल्पिन गाड्या होत्या, त्या वर्षीची वेगवान मॅक्लारेन नव्हती.

वेगवान लॅपच्या नोंदीवर तर एकटीवर कधीच विसंबू नका. डॉनिंग्टनचा सर्वात वेगवान लॅप सेन्नाच्या नावावर आहे आणि तो त्याने पिट लेनमधून जाऊन मारलेला आहे. पिटमध्ये वेगमर्यादा नव्हती, तिथून जाणारा रस्ता जवळचा पडत होता, आणि टायर तयार नसल्याने तो न थांबता तसाच बाहेर पडला.

पाचवी पायरी: त्याला समोरचं दिसत होतं का?

जुलैत मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या मागे गाडी चालवली असेल, तर समोरच्या काचेवर येणारा तो पांढरा पडदा तुम्हाला माहीत आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीमागे तो कित्येक पटींनी दाट असतो आणि ड्रायव्हर त्यात ताशी 250 च्या पुढे जात असतो. सर्वात पुढच्याला हा त्रास नाही. म्हणून पोलवरून सुटून पुढेच राहिलेल्याची आणि गर्दीतून वर आलेल्याची कामगिरी एका मापाने मोजू नये.

पण इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि पुढे राहणाऱ्याला काहीच श्रेय देत नाहीत. मोंझा 2008 मध्ये 21 वर्षांचा व्हेटेल टोरो रोसोसारख्या छोट्या टीममधून पोलवरून सुटून जिंकला. मोकळी हवा होती हे खरं, पण तो पोलसुद्धा त्याने पावसातच मिळवला होता. ब्राझील 2016 चं उदाहरण मला अजून टोचतं. त्या दिवसाची आठवण म्हणून सगळे व्हर्स्टॅपन सांगतात: मुख्य सरळ रस्त्याजवळ आडवी झालेली गाडी त्याने कशी सावरली, पिट स्टॉपनंतर पार मागे पडून शेवटच्या पंधरा-सोळा लॅपमध्ये तिसरा कसा आला. विलक्षणच होतं ते. पण तीच शर्यत हॅमिल्टनने पोलपासून शेवटपर्यंत पुढे राहून, एकदाही न घसरता, 11 सेकंदांनी जिंकली. रायकोनेन सरळ रस्त्यावर भिंतीला धडकला, रोझबर्गची गाडी फिरता फिरता वाचली. हॅमिल्टनकडे दाखवायला एकही थरारक क्लिप नाही, आणि हीच त्याची कामगिरी. न झालेल्या चुका मोजायची सवय लावून घ्या.

सहावी पायरी: गाडीतल्या कॅमेऱ्यातून बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. निकालपत्रक बाजूला ठेवा आणि ऑनबोर्ड चित्रण लावा.

पहिलं बघायचं ते म्हणजे रेषा. कोरड्या ट्रॅकवर सगळे एकाच रेषेवरून जातात, त्यामुळे तिथे टायरचं रबर बसत जातं. पाऊस पडला की तोच गुळगुळीत, रबर बसलेला पट्टा सर्वात निसरडा होतो. चांगला ड्रायव्हर ती रेषा सोडतो. वळणात नेहमीपेक्षा बाहेरून जातो, खरबरीत डांबर शोधतो, नेहमीची रेषा शक्य तिथे आडवी ओलांडतो आणि पांढरे पट्टे व रंगवलेले कर्ब (वळणाच्या कडेचे उंचवटे) टाळतो. गो-कार्टिंगमधून आलेली मुलं हे लहानपणीच शिकतात. व्हर्स्टॅपन ब्राझील 2016 मध्ये जिथून ओव्हरटेक करत होता, तिथे बाकीचे फिरकतही नव्हते.

दुसरं, हात. सावकाश, छोट्या छोट्या हालचालींनी स्टिअरिंग फिरतंय की सतत झटके देऊन गाडी सावरली जातेय? झटके बघायला मजा येते, पण त्यात टायर आणि वेळ दोन्ही जातात. मागचं चाक निसटायच्या आधीच हात जरासा उलटा गेलेला दिसला, तर समजा की या माणसाला गाडी पाठीतून कळते आहे.

तिसरं, कान. वळणातून बाहेर पडताना इंजिनाचा आवाज एकसारखा चढतोय की मध्येच फुटतोय? फुटला तर चाक जागच्या जागी फिरलं. पडद्यावर ब्रेक-थ्रॉटलचे पट्टे दाखवत असतील तर तेही बघा, पण आवाज जास्त खरं सांगतो.

हे सगळं एकाच लॅपमध्ये बघायचं असेल तर डॉनिंग्टनचा पहिला लॅप घ्या. सेन्ना चौथ्या जागेवरून सुटतो आणि लगेच पाचवा होतो. रेडगेट वळणातून बाहेर पडताना शूमाकर मागे. क्रेनर कर्व्ह्‌जच्या उतारावर बाहेरच्या बाजूने, जिथे कोणी जायचं धाडस करत नाही तिथून, वेंडलिंगर मागे. मॅक्लीन्सपाशी डेमन हिल मागे. मेलबर्न हेअरपिनला ब्रेक इतरांपेक्षा उशिरा लावून प्रॉस्त मागे. चार किलोमीटरच्या एका लॅपमध्ये पाचवा ते पहिला. दोनदा बघा: एकदा सेन्नाकडे, आणि दुसऱ्यांदा फक्त बाकीच्या चौघांकडे. ते सगळे कोरड्या दिवसाच्या रेषेच्या आसपास चाचपडताहेत आणि हा ती रेषा सोडून गेलाय, हे दुसऱ्या वेळी लख्ख दिसतं.

सातवी पायरी: निर्णय कोणाचा होता?

टायर बदलायचा निर्णय कधी टीमचा असतो, कधी ड्रायव्हरचा. रेडिओवरचं बोलणं ऐकल्याशिवाय श्रेय वाटू नका. तुर्की 2020 मध्ये ट्रॅकवर नवं डांबर होतं आणि पकड जवळपास नव्हती. हॅमिल्टनने एकाच इंटरमीजिएट सेटवर 50 लॅप काढले. शेवटी टायरांवरची नक्षी झिजून गेली होती. शेवटच्या लॅपमध्ये टीम खबरदारी म्हणून पिटमध्ये बोलावत होती, त्याने नकार दिला. 2007 मध्ये शांघायला असेच झिजलेले टायर घेऊन पिटकडे वळताना तो खडीत रुतला होता, तो अनुभव त्याच्याजवळ होता. हा निर्णय पूर्ण त्याच्या खात्यावर. याउलट सोची 2021 मध्ये पाऊस वाढताना नॉरिस स्लिकवरच (कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरांवरच) राहिला आणि हातची शर्यत गेली. सिल्व्हरस्टोन 2008 मध्ये फेरारीने रायकोनेनला पिट स्टॉपला जुन्याच टायरांवर परत पाठवलं. तिथे दोष त्याला देता येत नाही.

आठवी पायरी: नशीब, म्हणजेच लाल झेंडा

ब्राझील 2024 मध्ये व्हर्स्टॅपन सतराव्या जागेवरून सुटला. पहिल्या काही लॅपमध्येच तो पहिल्या दहात आला, आणि ते निव्वळ ओव्हरटेक करून. पुढे नॉरिस आणि रसेल टायर बदलायला पिटमध्ये गेले. ओकॉन, व्हर्स्टॅपन, गॅस्ली थांबले नाहीत. कोलापिंटोच्या अपघाताने लाल झेंडा आला, म्हणजे शर्यत थांबवली गेली, आणि त्या वेळात पिटमध्ये न गेलेल्यांना फुकटात नवे टायर मिळाले. पोडियमवर तेच तिघं उभे राहिले हा योगायोग नाही. म्हणून या विजयाचे मी दोन भाग करतो. लाल झेंड्याआधीची चढाई आणि रीस्टार्टनंतरचा वेग हे त्याचं. मधली उडी नशिबाची.

लाल झेंडा उलटाही फिरतो. 3 जून 1984, मोनाको. सेन्ना टोलमनसारख्या छोट्या गाडीत तेराव्या जागेवरून सुटला होता. मॅन्सेल आघाडीवर असताना टेकडीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून घसरून गेला. प्रॉस्त पुढे आला, पण सेन्ना त्याला दर लॅपला गाठत होता. प्रॉस्त हाताने खुणा करत होता की शर्यत थांबवा. शर्यतीचा संचालक जॅकी इक्सने ती थांबवली. 31 लॅप धरून निकाल लागला तेव्हा अंतर 7.4 सेकंद होतं. इथे बहुतेक जण सेन्नाला मनोमन विजेता करून मोकळे होतात. पण सेन्नाच्याही मागे स्टेफान बेलोफ होता, शेवटच्या जागेवरून तिसरा आलेला, आणि तो दोघांनाही गाठत होता. त्याच्या टिरेलला साधं, बिनटर्बोचं इंजिन होतं. कोरड्यात ती मोठी कमतरता, पण मोनाकोच्या ओल्या गल्ल्यांत ताकद हळुवार येणारं इंजिन फायद्याचं. पुढे टिरेलचे त्या मोसमाचे सगळेच निकाल नियमभंगासाठी रद्द झाले, त्यामुळे बेलोफचं नाव निकालपत्रकातूनही गेलं. आणि प्रॉस्तला पुऱ्या 9 ऐवजी अर्धे, म्हणजे 4.5 गुण मिळाले. वर्षअखेरीस तो लाउडाकडून अर्ध्या गुणाने विजेतेपद हरला. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा जरी आला असता तरी 6 गुण मिळाले असते.

तेव्हा लाल झेंड्याने थांबलेल्या शर्यतीत ‘असं झालं असतं तर’ मोजू नका. जितके लॅप झाले तितक्यांचाच न्याय करा. आणि ‘थांबवा’ अशी खूण करणाऱ्याला भित्रा ठरवू नका. एस्तोरिलला आघाडीवर असताना सेन्नाही तशीच खूण करत होता. 2014 मध्ये सुझुकाच्या पावसात जूल्स बियांकीचा अपघात झाला आणि पुढच्या वर्षी तो गेला. पावसात ड्रायव्हर जे सांगतात ते गांभीर्याने घ्यावं.

आता एक शर्यत घेऊन बसा

सुरुवातीला सिल्व्हरस्टोन 2008 घ्या. टीममेट शेवटपर्यंत होता, अंतर स्वच्छ आहे, लाल झेंडा नाही. वहीत आठ ओळी लिहा, पायरीमागे एक. मग बार्सिलोना 1996 घ्या, जिथे टीममेटची ओळ कोरी राहील. मोनाको 1984 शेवटी ठेवा, ती सगळ्यात अवघड.

या पद्धतीने माझ्याकडे सर्वात वर 21 एप्रिल 1985 चं एस्तोरिल येतं. सेन्नाची ही पहिलीच विजयी शर्यत. ना ट्रॅक्शन कंट्रोल, ना सेमी-ऑटोमॅटिक गिअर. एक हात गिअरच्या दांड्यावर, आणि ताकद अचानक अंगावर येणारं टर्बो इंजिन, जे पावसात सांभाळायला सर्वात वाईट. पोलवरून सुटल्यामुळे समोर पाण्याचा पडदा नव्हता, हा एवढा फायदा मान्य. प्रॉस्तसारखा माणूस सरळ रस्त्यावर पाण्यात गरगरला. सेन्नाही एकदा चारही चाकांनी गवतात गेला आणि परत आला. ते नशीब होतं आणि मी ते वजा करतो. तरी दोन तासांच्या मर्यादेवर शर्यत संपली तेव्हा त्याच्या लॅपमध्ये फक्त आल्बोरेतो उरला होता, एक मिनिट तीन सेकंद मागे. दुसऱ्या जागेवर मी बार्सिलोना ठेवतो, तिसऱ्यावर न्युर्बुर्गरिंग. डनलॉपच्या टायरांना जास्त वजन दिलं तर स्टुअर्ट खाली जाईल, मोडलेल्या मनगटाला दिलं तर वर येईल, आणि तो निवाडा तुमचा तुम्ही करा.